शेपटोबाची मान

३ एप्रिल २०२२, रविवार

उशीर झाला लिहायला, माफी असावी. दिवाळीनंतर या वहीला हात लावला नाही. आधी खोकला, मग माघी गणपतीचं काम, मग नुसताच आळस. वही काही बोलत नाही, म्हणून माणूस सोकावतो. काल पाडवा झाला तेव्हा ठरवलं, जमेल तसं पुन्हा लिहायचं. शाळा चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायाचं. पण वाचणारा मीच.

आज कारणही आहे. रोह्याहून वृंदाचा फोन आला. वृंदा म्हणजे गोपाळमास्तरांची मुलगी. म्हणाली, "काका, बाबांच्या पुस्तकांचा सिनेमा होतोय. आपल्या शेपटोबाचा."

मी विचारलं, पेणच्या टॉकीजला लागेल का? तर म्हणाली, "टॉकीजला नाही हो. फोनवर, टीव्हीवर. भागाभागांनी येणार."

मास्तरांना कळलं का, असं विचारलं. "सांगितलं मी. ऐकलं त्यांनी."

मास्तरांना झटका आल्याला दोन वर्षं होतील. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समोर धरलं ते बघतात, पण आत काय पोचतं कोणाला ठाऊक. ज्यांच्या पुस्तकांनी अख्खा तालुका हसला, ते मास्तर तेव्हापासून एकदाही हसलेले नाहीत. वृंदाचं म्हणणं एकच — सिनेमा लवकर व्हावा आणि बाबांनी तो बघावा. बघून हसले तर देव पावला. डॉक्टरांनी तिला काय सांगितलंय ते तिने मला सांगितलं नाही, पण आवाजावरून समजलं.

माझीही इच्छा तीच. दुसरी कुठलीच नाही.

६ एप्रिल, बुधवार

सिनेमावाला येऊन गेला. नाव जगन. मला वाटलं होतं मोठी गाडी असेल, काळा चष्मा असेल, मागे चार माणसं असतील. आला तो एकटाच, पाठीला पिशवी, घामाने भिजलेला. मूळ अलिबागकडचा. आमच्या गणपतीच्या कारखान्यात शिरल्याबरोबर म्हणाला, "काका, शेपटोबा कुठल्या फळीवर राहिला होता?"

बरं वाटलं. पुस्तक वाचलेला माणूस. फळी दाखवली. आता तिथे माझ्या मुलाने, पुंडलिकने रंगाचे डबे ठेवलेत.

मास्तर मूळचे पेणचे, पण तरुणपणी आमच्या हमरापूरच्या शाळेवर होते. शाळा सुटली की कारखान्यात येऊन बसायचे. मी तेव्हा उंदीर करायचो — नव्या माणसाला आमच्याकडे आधी उंदीरच देतात, बाप्पाला हात नंतर. एकदा मास्तरांनी विचारलं, "हिरामण, तुझे सगळे उंदीर वर का बघतात रे?" मी म्हटलं, "पायाशी बसलेला उंदीर आनखी कुठं बघनार? वर बाप्पा हाय." मास्तर म्हणाले, "आणि बाप्पा गेला तर?"

मी पुढचा उंदीर करायला घेतला. त्यांना पुस्तक सुचलं.

गणपती गिऱ्हाइकाकडे जातो आणि त्याचा उंदीर चुकून फळीवरच राहतो. तो शेपटोबा. तो बाप्पाला शोधायला निघतो. पण घडवलेलाच वर बघणारा, मान खाली येतच नाही. म्हणून जिथे जाईल तिथे धडपडतो. मिठागरात पडतो, अंगावर मीठ वाळून पांढराफटक होतो, तर खेकडे त्याला भूत समजून नवस बोलतात. रोह्याला कंपनीचं धुराडं बघतो, त्याला वाटतं सोंड! हात जोडून आत जातो, तर साहेब त्याला कामावरच घेतात आणि पहिलीच शिफ्ट रात्रीची लावतात. अशी तीन पुस्तकं. एसटीत वाचणारी माणसं एकटीच हसायची आणि शेजारचा घाबरायचा.

पहिल्या पुस्तकात मास्तरांनी छापलंय, उंदीर हिरामणचा, मी त्याला फक्त फळीवरून उतरवला. म्हणून वृंदाने करारात घालून घेतलं की शेपटोबाचं रूप हिरामणकाका पास करतील, मगच काम पुढे. जगन हसत म्हणाला, "म्हणजे सगळं तुमच्या हातात, काका."

या वयात माझ्या हातात कोणी काही देऊ नये. चहा दिला तरी अर्धा बशीत येतो.

११ एप्रिल, सोमवार

वीतभर उंचीचा शेपटोबा शाडूत करून द्यायचाय. ते त्याचे चहूबाजूंनी फोटो काढणार, मग संगणकात तो चालणार-बोलणार.

साचा नको म्हटलं. साच्यातला उंदीर सगळ्यांचा असतो. हातानेच केला. दोन मोडले — एकाचे कान सशासारखे झाले, दुसरा पोटाने पुंडलिकसारखा दिसायला लागला. तिसरा जमला. मोदक छातीशी, शेपटी डावीकडे, मान वर.

गोदूबाई बघायला आली. चाळीसच्या वर वर्षं झाली माझ्या संसाराला, पण कौतुक म्हणून शब्द नाही.

"यवढा वेळ एका उंदरापाठी? तेवढ्यात मी सगल्या घराचा सयपाक करून भांडी घासली."

"हा सिनेमात जानार हाय."

"मंग त्याला आंघोल तरी घाला. कानात माती हाय."

होतीच. काढली.

१७ एप्रिल, रविवार

उंदीर टॉवेलात गुंडाळून रोह्याला नेला. जगनला देण्याआधी मास्तरांनी बघावा असं वाटत होतं. पेणला रामवाडीहून एसटी मिळाली. मांडीवर डबा धरून बसलो. शेजारचा म्हणतो, "काय मिठाई काय?" म्हटलं, नाय, उंदीर. तो सरकून बसला.

वृंदा वरश्याला राहते, रोह्याला लागूनच. मास्तर खिडकीजवळ खुर्चीत होते. किती बारीक झालेत. एके काळी याच माणसाचा आवाज शाळेतून मिठागरापर्यंत जायचा. शेपटोबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो धरला, बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर.

वृंदा म्हणाली, "आवडला त्यांना."

"तुला कसं कळलं?"

"नावडलं तर डोळे मिटून घेतात. काल दुधीच्या भाजीला मिटले होते."

म्हणजे पास. पण हसले नाहीत. मी पुस्तकातलं खेकड्यांच्या नवसाचं पान वाचून दाखवलं. वाचताना मलाच हसू आलं आणि मीच थांबलो. एकट्याने हसणं बरं नव्हे, समोर ते तसे बसलेले असताना.

निघताना वृंदा फाटकापर्यंत आली. "काका, तेवढं लवकर होऊ दे. बाबांचं आता जेवण कमी झालंय." मी म्हटलं, माझ्याकडून उशीर व्हायचा नाही.

१८ एप्रिल

उंदीर जगनच्या माणसाकडे दिला. वाटेत कान तुटला तर? फोन केला. नाही तुटला.

५ मे, गुरुवार

आज डोकं फिरलंय, सावकाश लिहितो.

जगन आणि त्याच्याबरोबर सरू म्हणून मुलगी आली होती. संगणकातला शेपटोबा तीच करते. बोलायला गरीब, हात चपळ. कारखान्यात पाटावर लॅपटॉप उघडला. काम करणारे सगळे भोवती जमले. पडद्यावर शेपटोबा आला. रंग छान, मिशा छान, कानात माती नाही.

आणि मान सरळ.

मी म्हटलं, हा कोण?

"शेपटोबा," जगन म्हणाला.

"मी दिला तो वर बघत होता."

"हो काका, पण डोळे दिसले पाहिजेत ना. सारखा वर बघत राहिला तर लोकांना त्याची हनुवटीच दिसणार. चेहरा दिसला नाही तर माणूस त्याच्यात गुंतत नाही."

"मग कॅमेरा वर न्या."

"वर नेला तर डोळे दिसतील, पण बाकी काही नाही. मिठागर नाही, रस्ता नाही, समोरचा माणूस नाही. अख्खा सिनेमा विहिरीत डोकावल्यासारखा होईल."

मी त्याला समजावलं. अहो, मान वर आहे म्हणून तर तो पडतो. पुढचं दिसत नाही म्हणून पडतो. धुराड्याला सोंड समजतो ते वर बघतो म्हणून. मान सरळ केली तर तो नीट रस्त्याने जाईल, डावी-उजवी बघेल, रोह्याला वेळेवर पोचेल. मग गोष्ट कसली? तो तर शहाणा उंदीर झाला. शहाण्याचा सिनेमा कोण बघणार?

जगन म्हणाला, "पडायची दुसरी कारणं काढू की. केळ्याचं साल आहे, कुत्रा मागे लागेल."

केळ्याचं साल! मास्तरांच्या उंदराला केळ्याचं साल!

मी जरा जोरात बोललो असेन. सगळे कामाला पांगले. सरूने लॅपटॉप हळूच मिटला. गोदूबाई चहा घेऊन आली ती मध्येच म्हणाली, "गोड दिसतो की वं तो. तोंड तरी दिसतंय. तुमच्यावाल्याचा नुस्ता गला दिसतो, हजामाकडं बसल्यासारका."

जगन हसला. मला आपल्याच घरात एकटं वाटलं.

पास करायला नाही म्हटलं. तो म्हणाला, विचार करा, घाई नाही. घाई आहे हे आम्हा दोघांनाही माहीत.

६ मे

झोप नाही. मान, मान, मान.

२२ मे, रविवार

आपणही माणसाचं ऐकलं पाहिजे असं मनाशी म्हणून आज सरळ मानेचा उंदीर करायला बसलो. म्हटलं, करून तर बघू, कदाचित डोळ्याला सवय होईल.

होत नाही. हात ऐकत नाही. धड घेतो, डोकं बसवतो, अंगठ्याने मानेखालून दाब देतो, की डोकं गेलंच वर. इतक्या वर्षांत किती हजार उंदरांना तो एकच दाब दिला असेल. आज अंगठ्याला सांगितलं, दाबू नको. मग डोकं पुढे लोंबायला लागलं. उंदीर असा दिसला जसा काही त्याची चप्पल हरवली आहे. पुन्हा केला. या वेळी सरळ बघत होता, पण माझ्याकडे. उंदराने असं रोखून कधी बघितलं नव्हतं माझ्याकडे. फडकं टाकलं त्याच्यावर.

गल्लीतल्या दोघा-तिघा कारखानदारांना विचारलं की तुमचे उंदीर कुठे बघतात. सगळे म्हणाले, वर. काळुराम म्हणाला, "का रं दादा, तुझे कुठं बघायला लागले?" आता गावभर झालंय की हिरामणचे उंदीर भलतीकडे बघतात.

९ जून, गुरुवार

जगनचा फोन. नवीन तोड काढलीय — मान अर्धी वर. सरूने चित्रं पाठवली. पुंडलिकच्या फोनवर बघितली.

अर्धी मान म्हणजे काय? ना बाप्पाकडे ना रस्त्याकडे. भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखा. आज चतुर्थी आहे का बघतोय.

फोनवर म्हटलं तसं. जगन हसला नाही. पहिल्यांदाच त्याचा आवाज थकलेला वाटला. "काका, मी तुमच्या बाजूने किती भांडलोय माहितीये का वर? ते म्हणतात, म्हाताऱ्याला मध्ये घेतलंच कशाला. मी त्यांना सांगतो, म्हाताऱ्याशिवाय हे पुस्तकच नाही. पण तुम्ही मला एक इंच द्यायला तयार नाही."

"एक इंचच तर हाय मान. तीच दिली तर काय राहिलं?"

"सिनेमा राहतो ना! सिनेमा पुस्तक नसतो, काका. पुस्तकात मास्तरांनी लिहिलं की मान वर आहे, संपलं. वाचणाऱ्याच्या डोक्यात त्याला चेहरा असतोच. मला तो दाखवावा लागतो."

हे त्याचं मला पटलं नाही असं नाही. म्हणूनच जास्त राग आला. फोन ठेवून दिला.

१० जून

गोदूबाई म्हणते, "पास करून टाका नं. तुमची मान कोनी वाकडी करत नाय."

१ जुलै, शुक्रवार

आज रथयात्रा, आणि पाऊस मरणाचा. कारखान्यात एका बाजूला गळतंय, मूर्ती हलवताना सगळ्यांची तारांबळ. मुंबईच्या गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. आणि तेवढ्यात जगनचा.

म्हणाला, आज हो किंवा नाही सांगा. पैसे घालणारी माणसं आता थांबत नाहीत. सरळ मान, बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे. केळ्याचं साल काढून टाकलं म्हणाला.

मी उभ्या उभ्या विचार केला. मास्तर डोळ्यांपुढे आले. आजचे नाही, तेव्हाचे — उकिडवे बसून माझ्या उंदराच्या नजरेच्या रेषेत स्वतःचं डोकं घालणारे, त्याला काय दिसतं ते बघण्यासाठी. त्या माणसासमोर मी सरळ मानेचा उंदीर कसा नेऊन ठेवू? त्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या वतीने काहीही खपवायचं का? त्यांनी डोळे मिटून घेतले तर?

नाही म्हटलं.

जगन म्हणाला, "बरं काका. तब्येत सांभाळा."

एवढंच. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१९ जुलै, मंगळवार

वृंदाचा फोन. त्यांनी काम बाजूला ठेवलंय. ती लोकं आता दुसरं काहीतरी करणार, राजा-राणीचं. "बंद म्हणाले नाहीत, बाजूला ठेवलं म्हणाले." बाजूला ठेवणं म्हणजे काय ते मला कळतं. आमच्याकडे तडा गेलेली मूर्ती पण बाजूलाच ठेवतात.

मी समजावायला गेलो — मान, मिठागर, धुराडं. तिने मध्ये थांबवलं नाही. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुमचं बरोबर असेल, काका. मला पुस्तकातलं तुमच्याएवढं कळत नाही. मला फक्त बाबांना दाखवायचं होतं."

रागावली नाही. मास्तरांचीच मुलगी. मला वाटतं तिने रागवायला हवं होतं.

२० जुलै

मी चुकलो नाही. लिहून ठेवतो, मी चुकलो नाही.

जेवण गेलं नाही.

६ ऑगस्ट, शनिवार

हंगामाचे दिवस, पुंडलिक नको म्हणत होता तरी रोह्याला गेलो. रस्त्याचे हाल लिहायला नकोत. पाठीचे मणके मोजून घेतले रस्त्याने.

वृंदाने चहा केला, पोहे केले. नेहमीपेक्षा जास्तच आदराने वागली. कांदा चालेल का विचारलं, इतकी वर्षं माझ्या ताटात कांदा वाढते ती. मास्तर आता खुर्चीत कमी बसतात, पलंगावरच असतात. माझा शेपटोबा जगनने परत पाठवला होता, तो उशाशी होता, मोदकाचं टोक जरा उडालंय.

वृंदा दुकानात गेली तेव्हा त्यांच्या कानाशी बसलो. म्हटलं, मास्तर, ते मान सरळ करायला निघाले होते. मी करू दिली नाही. बरोबर केलं ना?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे मिटले नाहीत. पण हो असंही काही दिसलं नाही. मग मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, जसं काही ते बहिरे आहेत. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत राहिले.

दमले असतील.

पुस्तक काढून धुराड्याचं पान वाचलं. हे पान वाचून एकदा पोस्टमन सायकलवरून पडला होता. मास्तर ऐकत होते की नाही, देव जाणे. शब्द माझ्या तोंडातून निघून खोलीत पडत होते. माणूस तोच, पुस्तक तेच, उंदीर उशाशी मान वर करून बसलेला. सगळं बरोबर आहे आणि काही होत नाही! याला काय म्हणायचं?

परतताना एसटीत बाजूच्या बाईच्या फोनवर कुठलासा सिनेमा चालला होता, एक मांजर जिन्यावरून गडगडत होतं. तिचं पोर पुन्हा पुन्हा तेच लावायला सांगत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

२८ ऑगस्ट, रविवार

तीन दिवसांवर गणपती. रात्रीचा दिवस चाललाय. टेम्पोत मूर्ती चढवताना प्रत्येक मूर्तीबरोबर उंदीर गेला की नाही ते मीच बघतो, दुसऱ्यावर सोडत नाही.

मध्येच जगनला फोन लावला. काय बोलणार होतो माहीत नाही. मान सरळ चालेल असं तर म्हणणार नव्हतो. लागला, वाजला, उचलला नाही. कामात असेल. राजा-राणीच्या.

गोदूबाईने बघितलं. "फोन केला व्हय?" म्हणाली. नाय म्हटलं. "बरं," म्हणाली आणि गवताचा भारा माझ्या हातात दिला, मूर्तीखाली घालायला. वय झालं तरी बाईला सगळं दिसतं.

३ सप्टेंबर, शनिवार

परवा घरचा दीड दिवसाचा गणपती गेला. पाणी खूप होतं खाडीला. वृंदाला फोन केला मास्तर कसे आहेत म्हणून. "तसेच," म्हणाली. पेज तेवढी घेतात. आवाज खोल.

पुन्हा फोन करेन म्हटलं. केला नाही. काय विचारणार? जे विचारायचं त्याचं उत्तर तिच्याजवळ नाही, आणि जे तिला हवं होतं ते मी अडवून ठेवलंय. अडवलं नाही, राखलं. पण राखलेलं कोणाला दाखवू?

११ सप्टेंबर, रविवार

सकाळी वृंदाचा फोन. रडत होती, मला वाटलं संपलं सगळं. पण हसतही होती.

त्या सरूने तिला आपणहून एक तुकडा पाठवला. काम थांबलं तरी तिने घरी बसून पुरा केलेला. कंपनीला माहीत नाही. सरळ मानेचा शेपटोबा मिठागराच्या बांधावरून येतो. समोर पाणी. थांबतो. पाण्याकडे नीट बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि मोदक सांभाळत त्यातच पाय टाकतो. एवढंच. मिनिटभराचं पण नाही.

मास्तर हसले. खोकला येईपर्यंत हसले. आणि बोलले — "पडला." दोन वर्षांत पहिला शब्द. तेव्हापासून डावा हात फोनकडे करतात, संपलं की पुन्हा. पुढे काय ते मागतात, आणि पुढे काही नाहीच.

मलाही पाठवला तिने. चार वेळा बघितला. मला हसू आलं नाही. मान सरळच आहे.

जगनचा फोन सकाळपासून लागत नाही. सरूचा नंबर वृंदाकडून घेतला, तोही वाजून बंद होतो. पुंडलिक म्हणतो निरोप लिहून पाठवा, मी टाइप करतो. आधी इथे लिहून बघतो, काय लिहायचं ते:

जगन, पास. सरळ मान पास. केळ्याचं साल घाल, कुत्रा घाल, काय वाटेल ते घाल. मास्तर पेजेवर आहेत. पुढचा तुकडा असेल तेवढा पाठव, अर्धा असला तरी. मिळाला का निरोप, एवढं तरी कळव. आजच कळव, बाबा.